पाटी ज्याच्या दारावर

२ डिसेंबर, सकाळ

बर्फ पडला. यंदाचा पहिला. माळ्यावरच्या माझ्या तिरप्या खिडकीवर पांढरी गादी. उठून बघायला हवं होतं, पण पाटी वेंडेलिनच्या दारावर आहे. म्हणजे बर्फ त्याचा, झोप माझी.

ही रोजनिशी आजपासून रोज लिहायची. मागच्या तिन्ही वेळेला सुरुवात चांगली झाली होती, पण मी तेव्हा भटकत होतो. आता एस्लिंगनमध्ये चौथा हिवाळा. एवढं कुठेच टिकलो नाही. म्हणजे स्थिरावलोच.

पाटीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. उत्तरेला आमच्या समुद्राकाठच्या गावात असलं काही नाही. इथे दक्षिणेला, श्वाबियात, माणसं पाटीवर जगतात. लाकडाची, दोरी लावलेली, वर कोरलंय 'केराचा आठवडा'. सोमवारी सकाळी ती ज्याच्या दारावर लटकेल त्याने जिना झाडायचा, अंगण झाडायचं आणि घरासमोरचा फूटपाथ साफ ठेवायचा. हिवाळ्यात बर्फ काढून खडी टाकायची, सात वाजायच्या आत. मीठ टाकायला बंदी. रस्ता नगरपालिकेचा, फूटपाथ आपला. कुणी घसरलं तर पोलीस, वकील, विमेवाले नंतर येतात. आधी सगळी गल्ली जिना चढून बघते, पाटी कुणाच्या दारावर आहे.

तळमजल्यावर मालकीणबाई शॉयफेले. त्यांना वयामुळे पाटी माफ, पण खिडकी माफ नाही. दिवसभर उशीवर कोपरं टेकून बाहेर बघत असतात. पहिल्या मजल्यावर ताबेया. दुसऱ्यावर वेंडेलिन. माळ्यावर मी.

ताबेया चष्म्याच्या दुकानात काम करते आणि चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. गेल्या हिवाळ्यात याच उतारावर घसरली, मनगट मोडलं, सगळा हंगाम वाजवता आलं नाही. यंदा सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, चर्चच्या मनोऱ्यावरून एकटीने वाजवायचा मान तिला मिळालाय. त्यामुळे ती पायरी उतरताना सुद्धा मनगट छातीशी धरते.

आज जिन्यात वेंडेलिनला म्हणाली, "तुमच्यामुळे माझा हात शाबूत राहणार बघा." हात. असं म्हणाली. मी वरून ऐकलं.

मनात काही नाही माझ्या. फक्त नोंद केली.

४ डिसेंबर

खिडकीतून वेंडेलिनचं निरीक्षण. गिअरच्या कारखान्यात तपासनीस आहे, तिथली सवय. आधी फावडं, मग खराटा, मग दुसरा, मऊ खराटा. बर्फाला खराटा दोन! शेवटी खडी अशी टाकतो जशी बाई केकवर साखर भुरभुरते. फूटपाथ विंचरल्यासारखा दिसत होता, मधोमध भांग पाडलेला.

यात प्रेम नाही. यात नुसता व्यायाम आहे. बायकांना हा फरक कळतो.

शॉयफेलेबाई खिडकीतून म्हणाल्या, "योस्त, बघ जरा. कोपरा बघ त्याचा. कोपऱ्यात सुद्धा कण नाही." मी म्हणालो, कोपऱ्यातून चालतं कोण? त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरून माणूस कळतो रे बाबा."

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची. ताबेया त्याला 'अहो' म्हणते, मला 'अरे'. यावरून काय ते समजावं.

संकल्प: सोमवारी पाटी माझ्याकडे येते. माझा आठवडा गल्ली विसरणार नाही.

८ डिसेंबर

पाटी दारावर. फावडं तेल लावून तयार. आणि बाहेर ऊन! लख्ख ऊन, पक्षी, सगळं. वेंडेलिनच्या आठवड्यात चार वेळा पडला. आभाळ सुद्धा ओळखीच्या माणसांचीच कामं करतं.

१० डिसेंबर

अजून ऊन. नाताळच्या बाजारात गरम वाइनच्या टपरीवर कामाला उभा राहतो दुपारपासून. शेजारच्या टपरीवाल्याकडे जुना अकॉर्डियन आहे. त्याला शिकवायला सांगितलं. ट्रम्पेट आणि अकॉर्डियन, जोडी छान दिसेल. पहिल्याच दिवशी एक अख्खी ओळ जमली, फक्त डावा हात राहिला.

११ डिसेंबर

पडला!

अंधारातच उठलो. याचा पुरावा म्हणून लिहितो की रस्त्यावर मी पहिला होतो. फावडं टेकवलं आणि बघतो तर ताज्या बर्फात कोल्ह्याच्या पावलांची ओळ. एका सरळ रेषेत. कोल्हा मागचा पाय बरोबर पुढच्याच खुणेत ठेवतो, हे कुठेतरी ऐकलं होतं, पण प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. थोडं वर जाऊन बघू म्हटलं. वरती द्राक्षमळे. तिथे दुसरा कोल्हा मिळालेला. मग दोघांची पावलं. त्यांचं काहीतरी बिनसलं होतं, मध्येच वेगळे झाले, मग परत एकत्र. पूर्ण कथा होती.

परत आलो तेव्हा फूटपाथ झालेला. भांग पाडलेला.

वेंडेलिन दारात खराटा आपटून बर्फ झाडत होता. म्हणाला, "अहो शेजारी, पाटी तुमच्या दारावर आहे हे खरं. पण कामावर मला जायचं होतं." रागाने सुद्धा बोलला नाही. हाच त्याचा कावा. रागावला असता तर ताबेयाला माझी बाजू कळली असती.

शॉयफेलेबाईंनी विचारलं, कुठे होतास? म्हटलं, कोल्ह्यामागे. त्या म्हणाल्या, "लग्न झालंय का त्याचं?"

१३ डिसेंबर

लिहायचं नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

रात्रीतून पुन्हा पडला होता. फावड्याने काढण्यात काय कला आहे? विचार केला, उष्णता. बर्फाचा शत्रू उष्णता. किटलीवर किटली उकळून जिन्यातून खाली नेली आणि ओतली. वाफा निघाल्या, फूटपाथचा दगड चकचकीत उघडा पडला. इतका स्वच्छ वेंडेलिनला जन्मात जमला नसता. मी वर जाऊन खिडकीत बसलो, ताबेयाची वाट बघत.

वीसेक मिनिटांत त्या पाण्याची काच झाली.

ताबेया बाहेर आली. पहिलंच पाऊल. दोन्ही हात हवेत. तिचं तोंड मी वरून पाहिलं, ते विसरायला हवं. पडली नाही. वेंडेलिन मागेच होता, त्याने कमरेत हात घालून धरलं. मग कितीतरी वेळ ती नुसती मनगट चोळत उभी, न दुखलेलं मनगट.

माझ्या बर्फावर त्याने तिला धरलं! बर्फ माझा, मेहनत माझी, किटल्या माझ्या, आणि हात त्याचा.

खाली जाऊन मी म्हणालो, पाइप फुटला असावा. शॉयफेलेबाई म्हणाल्या, "हो, वरच्या मजल्यावरचा." कोणता पाइप ते नाही म्हणाल्या.

१४ डिसेंबर

दिवसभर तिचं ते तोंड आठवत होतं. उत्तरेत कुणी शिकवलंच नाही आम्हाला. तिथे गोठतं ते सगळं समुद्राच्या जबाबदारीवर.

१५ डिसेंबर

विजय.

आजपासून पाटी ताबेयाच्या दारावर. तिने फावडं धरायचं नाही, हे सगळ्यांनाच कळतं. काल जिन्यात वेंडेलिन तिला म्हणत होता, "तुमचा आठवडा मी करतो, सहा तारीख होईपर्यंत." पण शॉयफेलेबाईंचा नियम पक्का आहे: दुसऱ्याचा आठवडा करायचा तर पाटी आपल्या दारावर नेऊन लावायची. तोंडी उपकार चालत नाहीत.

म्हणून मी पहाटेच उतरलो आणि पाटी उचलली. वर येऊन माझ्या खिळ्याला लावली. थोड्या वेळाने जिन्यात वेंडेलिनची पावलं. पहिल्या मजल्यावर थांबली. मोकळ्या खिळ्यासमोर तो किती वेळ उभा राहिला असेल! बघता आलं नाही, पण कल्पनेत फार छान दिसला.

ताबेयाला सांगितलं तेव्हा ती पायरीवरच थांबली. मग म्हणाली, "योस्त, गंमत नाही ना ही? नक्की करशील? मला खरंच वाजवायचंय रे सहा तारखेला. आजोबांनी वाजवलं होतं तिथून. या वेळी पडले तर परत कोण बोलावणार मला?" मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, तुझ्या पायाखाली मी गालिचा घालीन.

तिने 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'मध्ये खूप काही होतं.

१६ डिसेंबर

उद्या जोराचा बर्फ, असं रेडिओ म्हणतोय. आणि माझी पाठ. काल टपरीवर वाइनचं पिंप सरकवलं तेव्हापासून.

बसून नीट विचार केला. रस्ता नगरपालिकेचा, फूटपाथ आपला, ही विभागणी कुणी केली? माणूस घसरताना रेषा बघून घसरत नाही. मोठ्या यंत्रणेला हलवायला हवं. पण धडधाकट माणसाने फोन केला तर म्हणणार, फावडं घे. म्हणून आमच्या आत्याचा आवाज लावला. नाव घेतलं आजी ओडिलिया, वय भरपूर, गुडघे गेलेले, काल पडता पडता वाचले हो साहेब.

फोनवरचा माणूस म्हणाला, आजी, रस्ता आमचा, फूटपाथ तुमचा. मी रडलो. आत्या पण अशीच रडायची, मध्ये मध्ये श्वास अडकवून. तो विरघळला. म्हणाला, गाडी पाठवतो, आणि हा ड्रायव्हरचाच नंबर घ्या, दावोर नाव, मायाळू पोरगा आहे, काही लागलं तर थेट त्यालाच सांगा.

याला म्हणतात नियोजन. वेंडेलिनकडे दोन खराटे, माझ्याकडे नगरपालिका.

१७ डिसेंबर

नारंगी गाडी आली. पुढे मोठं पातं, मागे खडीची टाकी. रस्ता साफ केला आणि सगळा बर्फ आमच्या फूटपाथवर ढकलला. पण तो दावोर उतरला, स्वतःचं फावडं काढलं आणि फूटपाथ हातानेच साफ केला. खडी टाकली. उंच, दाढीवाला, गाणं गुणगुणत होता. मी वरून पाहिलं आणि परत झोपलो.

मग खाली घंटी वाजवून आजी ओडिलियाची चौकशी करत होता. दार ताबेयाने उघडलं. अशी कुणी आजी इथे नाही म्हणाली असणार. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा. दोघं हसले. माझ्यावर संशय नाही.

नंतर ताबेया जिन्यात भेटली. "फूटपाथ सुरेख झालाय रे," म्हणाली. मी म्हणालो, हो, जरा मेहनत घेतली. त्यावर ती इतकी हसली की कठडा धरावा लागला. माझ्या सहवासात मुलगी फुलते, हे मी आधीही पाहिलंय.

वेंडेलिन बाजूने गेला. तोंड पडलेलं. जळतोय.

१९ डिसेंबर

पाठ तशीच. आजीने दावोरला रोज फोन करायचा प्रघात पडलाय. तोच विचारतो, "आजी, गुडघा कसा आहे?" आधी म्हणाला, तुम्ही इथे राहत नाही म्हणे? मी सांगितलं, मागच्या बाजूला राहते, मला कुणी माणसात धरत नाही. तो हळहळला. वाईट वाटलं मला ओडिलियाबद्दल.

आज ताबेयाने त्याला दारात कॉफी दिली, ब्रेत्झेलच्या पावासकट, आणि लोणी लावून. सार्वजनिक सेवेतल्या माणसांशी ती किती नम्र वागते. त्यालाही 'अरे' म्हणाली. वयाने लहान असेल.

वेंडेलिनने खिडकीतून ते पाहिलं आणि पडदा ओढला. याला एवढा मत्सर कसा? मला बघा. मी काही बोलतो का?

२० डिसेंबर

महत्त्वाचं. फोनवर दावोर आडून आडून विचारायला लागला. "आजी, तुम्ही घरातल्या सगळ्यांना ओळखता. पहिल्या मजल्यावरची ती मुलगी... तिचं कुणाशी ठरलंय का?"

मी लगेच ओळखलं. वेंडेलिनने पेरलेला माणूस! स्वतः विचारायची हिंमत नाही, म्हणून ड्रायव्हरकडून आजीला विचारतोय. दोन खराट्यांचा मनुष्य, याहून काय करणार?

मी आजीच्या आवाजात ठणकावलं, "मुलगी मोकळी आहे, बाळा. आणि दुसऱ्या मजल्यावरच्याशी तर तिचं मुळीच नाही. तसल्या विंचरलेल्या माणसाला ती कधी हो म्हणायची नाही. तिला आवडतो मोकळा, फिरलेला, जगाचा वारा खाल्लेला माणूस." म्हणजे मी. पण नाव घेणं बरं दिसलं नसतं.

तो म्हणाला, "मी क्रोएशियाहून आलो, आजी. मधे तीन देश झाले." मी म्हटलं, हो का, छान. विषय बदलायची सवय आहे त्याला.

वेंडेलिनचा पत्ता कट. स्वतःच्याच हेराकडून!

२२ डिसेंबर

पाटी वेंडेलिनकडे. बाजार कालच उठला, टपरी मोडली, आता माझ्याकडे सगळा दिवस. टपरीवाला जाताना अकॉर्डियन मला देऊन गेला. डावा हात सुरू केला. शॉयफेलेबाईंनी खालून छताला झाडूचा दांडा मारला. मध्ये दोन मजले असताना.

आजीने दावोरला सांगितलं की या आठवड्यात फक्त रस्ता कर, फूटपाथला हात लावू नको, दुसऱ्या मजल्यावरचा मनुष्य मानी आहे. आता वेंडेलिन विंचरतो, गाडी येते, सगळा बर्फ परत फूटपाथवर. तो पुन्हा विंचरतो. खिडकीतून बघायला जगात याहून चांगलं काही नाही. चहा घेऊन बसलो होतो.

फक्त गाडी आली की ताबेया सुद्धा लगेच खाली येते. दुकानात जाण्याची वेळ जुळते, योगायोग.

२४ डिसेंबर, संध्याकाळ

सगळी गल्ली चर्चसमोर. वर मनोऱ्यावर बँड. ताबेया त्यांच्यात. थंडीने सूर गोठतील वाटलं, पण नाही. मी मान वर करून बघत होतो आणि एकदम वाटलं, या मुलीचं मनगट मोडलं असतं त्या दिवशी, तर हे ऐकूच आलं नसतं. मग वेंडेलिनकडे लक्ष गेलं आणि तो विचार गेला. त्याने डोळे मिटले होते. माझ्या आधी मिटले. नाटकी.

दावोरही होता. टाय लावून. ड्यूटीवर असावा.

२६ डिसेंबर

प्लॅन. आयुष्यातला सर्वांत चांगला.

तेरा तारखेला ती घसरली आणि तिला धरणारा मोठा झाला. म्हणजे जवळीक धरण्यात नाही, पडण्यात आहे. पडणाऱ्याची शुश्रूषा होते. पडणारा मी, शुश्रूषा तिची, आणि जबाबदार कोण? पाटी बघा! वेंडेलिन! एका घसरण्यात सगळं.

हळूच पडायचं. डाव्या कुल्ल्यावर, तिथे मांस आहे. दोन दिवस गादीवर सराव करायचा.

२८ डिसेंबर, रविवार

आज पडायचं होतं. वेंडेलिनचा शेवटचा दिवस. पण सकाळी अकॉर्डियनची दुसरी ओळ अचानक जमली, दोन्ही हातांनी, आणि सोडवेना. खाली उतरलो तेव्हा ताबेया निघून गेलेली.

हरकत नाही. उद्या पडतो.

२९ डिसेंबर. इस्पितळात. नर्सकडून पेन घेतलं.

पडलो. प्लॅनप्रमाणे, फक्त उजवीकडे. घोट्याच्या वर दोन जागी मोडलंय.

क्रमाने लिहितो. पहाटे बर्फ पडला होता, फूटपाथला कुणीच हात लावलेला नव्हता. मला वाटलं, वेंडेलिन आज हलगर्जी, सोन्याहून पिवळं. ताबेयाच्या दाराचा आवाज आला, मी पुढे सरलो, डावा कुल्ला तयार ठेवला, आणि त्याआधीच उजवा पाय निघून गेला. कटकन आवाज. मग अशी वेदना आली की मला माझ्या आवाजात ओरडताच येईना. गळ्यातून आत्या निघाली. "अगं आई गं, मेले, मेले!"

दार ताबेयाचं नव्हतं. नारंगी गाडीचं होतं. एका बाजूने दावोर उतरला, दुसऱ्या बाजूने ताबेया. गाडीतून! म्हणाली नंतर, गेला आठवडाभर ती सकाळी त्याच्याच गाडीतून खाली दुकानापर्यंत जाते. फूटपाथवर पाऊलच ठेवत नाही.

दावोर धावत आला आणि मध्येच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी?"

मग ताबेया बर्फातच खाली बसली, हसता हसता. दावोर मात्र हसला नाही. माझा पाय दोन फावड्यांच्या मध्ये बांधताना म्हणाला, "आजी, हळू. रडायचं असेल तर रडा." रडलो.

पण तेवढ्यात मला मुद्दा आठवला. मी खिडकीकडे बघून ओरडलो, ही जबाबदारी कुणाची? आहे का कुणी जबाबदार या घरात? शॉयफेलेबाई उशीवर कोपरं टेकून होत्याच. म्हणाल्या, "आज सोमवार आहे रे. पाटी मघाशी वेंडेलिनने तुझ्या दारावर लावली. तू तिच्याच बाजूने खाली आलास."

गाडीच्या आत, काचेखाली, तिचे लाल हातमोजे वाळत घातले होते. बऱ्याच दिवसांची जागा असावी. ठसा पडला होता.

२ जानेवारी

घरी. प्लास्टर गुडघ्यापर्यंत. वेंडेलिन आणि दावोर यांनी मला खुर्चीसकट माळ्यावर चढवलं. दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते.

ताबेया येऊन गेली. प्लास्टरवर सही केली. म्हणाली, "तू मला फसवलंस म्हणून रागवायचं ठरवलं होतं. पण तू फोन केलाच नसतास तर ही गाडी आपल्या गल्लीत आलीच नसती." मग म्हणाली, "आणि 'मुलगी मोकळी आहे' हे तूच सांगितलंस ना त्याला?" मी म्हटलं, आजीने.

आता घरात सगळे मला आजी म्हणतात. पोस्टमन सुद्धा.

माझा आठवडा वेंडेलिन करतोय. शॉयफेलेबाईंनी स्पष्ट सांगितलं, पाय जुळला की सगळे फेडायचे. ताबेयाचा आठवडा दावोर करणार आहे. पाटी कुठे लावायची यावर वाद झाला, कारण त्याला आमच्या घरात दार नाही. शेवटी शॉयफेलेबाईंनी ती गाडीच्या आरशाला बांधली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाटी घराबाहेर गेली म्हणे.

मला कधी अशी सूट दिली नाही कुणी.

६ जानेवारी

खिडकी उघडी ठेवून बसलो, पाय स्टुलावर. वेंडेलिन वर आला, हातात सूपचं भांडं, त्यात त्याने स्वतः केलेले माउलटाशन, इथले सारण भरलेले कणकेचे चौकोन. सगळे एकाच मापाचे. मी म्हटलं, तू खाली चर्चसमोर का नाही गेलास? तर म्हणाला, "तिथे तो आहे."

मग मनोऱ्यावरून आलं. एकच ट्रम्पेट. सगळ्या खोऱ्यावरून, छपरांवरून, आमच्या गल्लीतून वर. एकही सूर हलला नाही. मनगट धडधाकट होतं.

आम्ही दोघं सूप प्यायचं विसरलो.

संपल्यावर वेंडेलिन म्हणाला, "मी रोज दोन वेळा झाडायचो. दुसऱ्या वेळी ती निघायची वेळ असायची म्हणून. तुला काय वाटलं, मला बर्फाची हौस आहे?" पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. मग म्हणाला, "आणि माझ्याबद्दल विंचरलेला माणूस म्हणालास म्हणे." म्हटलं, ओडिलिया म्हणाली. तिला काही कळत नाही.

त्याने सूप परत गरम केलं.

संकल्प: अकॉर्डियनवर ट्रम्पेटची साथ शिकायची. हिवाळा लांब आहे. त्या दोघांचं टिकेलच असं नाही. गाडीत नेहमी बसायला कंटाळा येतो माणसाला.

११ फेब्रुवारी

साखरपुडा झाला. शॉयफेलेबाईंनी बटाट्याची कोशिंबीर केली होती. दावोरने भाषणात आजी ओडिलियाचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं राहावं लागलं, कुबड्यांवर.

अकॉर्डियन वाजवायचा आग्रह झाला. एक ओळ वाजवली. डावा हात राहिला.

१६ मार्च

बर्फ गेला. प्लास्टर गेलं. खडी राहिली.

हिवाळाभर टाकलेली सगळी खडी फूटपाथभर पसरलीये, दगडांच्या फटीत, गटाराच्या जाळीत, जिन्याच्या पायऱ्यांवर. ती वसंतात झाडून गोळा करावी लागते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी कोल्ह्यामागे असेन. ज्याच्या दारावर पाटी, त्याने. माझ्या दारावर आहे. पुढचे बरेच सोमवार माझ्याच दारावर आहे.

वेंडेलिनने स्वतःचा मऊ खराटा दिला. म्हणाला, उताराच्या वरून सुरुवात कर.

सकाळपासून झाडतोय. बहुतेक खडी दावोरची, ती गाडीतून आलेली, जाडसर. वेंडेलिनची बारीक, चाळलेली. माझी कुठेच सापडली नाही.

नारंगी गाडी खालून गेली, आता पुढचं पातं काढलेलं. आत दोघं. तिने हात हलवला. तोच हात. मी पण हलवला, मग खराटा खाली पडला, तो उचलला.

संध्याकाळी ढीग गोळा झाला. गुडघ्याएवढा. सबंध फूटपाथ वरपासून खालपर्यंत स्वच्छ, खराट्याच्या रेषा सरळ, मधोमध भांग. चार वर्षांत पहिल्यांदा पूर्ण केला. मी खराट्यावर टेकून उभा राहिलो आणि वर बघितलं. पहिल्या मजल्याची खिडकी बंद. दुसऱ्याची बंद.

तळमजल्याची उघडी. उशी, दोन कोपरं.

"आजी," शॉयफेलेबाई म्हणाल्या, "कोपऱ्यात राहिली."